२१४७४८३६४७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही दहा अंकी संख्या कुणाला मूळ संख्यांच्या यादीत भेटते, तर कुणाला बिघडलेल्या प्रोग्रामच्या पडद्यावर. दोन्हीकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, किचकट प्रश्न पुढे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ^ ही खूण घातासाठी वापरली आहे: २^५ म्हणजे पाच वेळा दोन घेऊन केलेला गुणाकार, म्हणजेच ३२.

१. ही संख्या वाचायची कशी, आणि ती येते कुठून?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. स्वल्पविराम देऊन लिहायची तर २,१४,७४,८३,६४७.

२^३१ म्हणजे २१४७४८३६४८. त्यातून एक वजा केला की ही संख्या मिळते. शेवटी ७ का येतो, हे पूर्ण गुणाकार न करताही सांगता येतं. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ याच क्रमाने फिरत राहतात. ३१ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून तिसरा अंक ८, आणि एक वजा केल्यावर ७.

२. आकडे तर साधेच दिसतात. मग हिचं एवढं कौतुक कशासाठी?

दशमान पद्धतीत ती खरंच साधी दिसते. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली, तर ओळीने ३१ एकक येतात, मध्ये एकही शून्य नाही. दशमानात ९९९९९९ ही सहा अंकांत बसणारी सर्वांत मोठी संख्या असते, तशी ही द्विमानातल्या ३१ अंकांत बसणारी सर्वांत मोठी संख्या. अष्टमानात ती १ आणि त्यापुढे दहा वेळा ७ अशी दिसते.

गणितात तिला जे महत्त्व आहे आणि संगणकात जे आहे, ती दोन्ही या ३१ एककांतूनच आली आहेत. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात दिसेल.

३. ही मूळ संख्या आहे का? लहान संख्यांनी भाग जात नाही एवढं मी पाहिलं.

हो, मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कुणीही भागत नाही. लहान संख्यांची तपासणी तोंडी होते. अंकांची बेरीज ४६ आहे, म्हणून ३ ने भाग जात नाही. शेवटी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत-वजा करत गेलं की १२ येतात, म्हणून ११ नेही भाग जात नाही.

हे करत करत कुठपर्यंत जायचं? वर्गमूळापर्यंत. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. पण त्याही जवळजवळ ४८०० आहेत, आणि इतके भागाकार हाताने करायला फारच धीर लागेल. अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाने ते काम कसं कमी केलं, ते पुढच्या उत्तरात आहे.

४. संगणक नसताना ऑयलरने हे सिद्ध कसं केलं?

लिओनहार्ड ऑयलरने हा निकाल बर्नुलींना लिहिलेल्या पत्रात कळवला, साल १७७२. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याने भागाकारच केले, पण कुठले करायची गरजच नाही हे आधी ठरवलं.

समजा, क ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरायला हवी. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(क−१) ला क ने भागल्यावरही बाकी १ उरते. दोनचे घात चढत्या क्रमाने घेत गेलो, तर बाकी १ पहिल्यांदा ज्या घातांकाला येते तो घातांक ३१ लाही भागतो आणि क−१ लाही भागतो. तो १ असू शकत नाही. ३१ मूळ आहे, तेव्हा तो ३१ च असणार. म्हणजे क−१ ला ३१ ने भाग जातो. क विषम असल्यामुळे क−१ सम आहे, म्हणून क−१ ला ६२ ने भाग जायलाच हवा. इथेच बहुतेक उमेदवार गळतात.

दुसरी चाळणी मला जास्त आवडते. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे एका वर्गसंख्येला क ने भागल्यावर २ उरले. आणि हे घडतं फक्त अशा विषम मूळ संख्यांच्या बाबतीत, ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की उरतं ते एवढंच: क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायला हवी. ४६३४० पर्यंत अशा संख्या फक्त ३७२ आहेत (६३ ही उघडच संयुक्त, ती धरलेली नाही). त्यांतल्याही बऱ्याचशा स्वतःच संयुक्त आहेत, त्या सोडल्या की शंभराहून कमी मूळ संख्या हातात राहतात. पहिली ३११. तिने भागून पाहा: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. अशीच काही ना काही बाकी प्रत्येक वेळी उरली, आणि सिद्धता पुरी झाली.

५. घातांक मूळ असला की २ च्या घातातून एक वजा करून मूळ संख्याच मिळते ना?

नाही. हा गैरसमज फार जुना आहे. उलट बाजू मात्र खरी आहे: घातांक संयुक्त असेल तर उत्तरही संयुक्तच येतं. उदाहरणार्थ २^६ − १ = ६३, आणि त्याला २^२ − १ आणि २^३ − १, म्हणजे ३ आणि ७, भागतात. म्हणून घातांक मूळ असणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. पहिला अपवाद लगेच भेटतो: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

इटलीतल्या काताल्दीने २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं बरोबर दाखवलं होतं. तिथे न थांबता त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही चालतील असा दावा केला. फर्माने १६४० मध्ये २३ आणि ३७ खोडले (२^२३ − १ ला ४७ ने भाग जातो, २^३७ − १ ला २२३ ने). २९ ऑयलरने खोडला: २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९. चारांपैकी टिकला फक्त ३१. काताल्दीचं म्हणणं इथे खरं निघालं, पण त्याच्याकडे सिद्धता नव्हती, म्हणून श्रेय ऑयलरला देणं योग्यच आहे.

६. मग हिला "मर्सेन मूळ संख्या" का म्हणतात? मर्सेनने काय केलं?

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये २ च्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यादी सदोष असली तरी नाव त्याचंच चिकटलं. ३१ हा घातांक तिच्यात आठवा आहे, आणि खऱ्या क्रमातही आठवाच.

७. ही जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या होती असं वाचलं. खरं आहे का?

माहीत असलेल्या मूळ संख्यांपैकी सर्वांत मोठी, असं म्हणावं. मूळ संख्या अनंत आहेत, त्यामुळे नुसतं "सर्वांत मोठी" म्हणण्याला अर्थ नाही. १७७२ नंतर कित्येक दशकं हा मान तिच्याकडे राहिला.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की या संख्येतून मिळणारी परिपूर्ण संख्या (पुढचा प्रश्न पाहा) हीच शोधलेली सर्वांत मोठी राहील. असल्या संख्या नुसत्या गमतीच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा आणखी मोठी शोधायच्या भानगडीत कोण पडणार, असा त्याचा सूर होता. माणसं नुसत्या गमतीसाठी किती मेहनत घेतात, याचा त्याला अंदाज नव्हता. १८७६ मध्ये लुकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, १८८३ मध्ये पेर्वूशिनने २^६१ − १. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे.

८. परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

ज्या संख्येच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तीच संख्या येते, ती परिपूर्ण. ६ = १ + २ + ३ हे नेहमीचं उदाहरण. युक्लिडने दाखवलं होतं की २^न − १ मूळ असेल तर तिला २^(न−१) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. ऑयलरने उलट बाजू सिद्ध केली: प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते.

आपल्या संख्येला २^३० ने, म्हणजे १०७३७४१८२४ ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ येते. ही आठवी परिपूर्ण संख्या, १९ अंकी.

९. ऑयलरसारखे भागाकार न करता मूळपणा तपासण्याची सोपी रीत आहे का?

आहे, आणि ती सुंदर आहे. लुका-लेहमर चाचणी असं तिचं नाव. ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, आणि २^न − १ ने भागून बाकी ठेवा. अशा न − २ पायऱ्यांनंतर शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. (न इथे २ पेक्षा मोठी मूळ संख्या हवी.)

छोट्या उदाहरणावर करून पाहू. न = ५, संख्या ३१. ४ वरून १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, त्याची बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी ० आली. तीन पायऱ्यांत ३१ मूळ ठरली. न = ११ घेतलं, तर क्रम ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६ असा जातो. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. आपल्या संख्येसाठी २९ पायऱ्या लागतात.

एक सावधगिरी. काही जण फर्माची चाचणी पाया २ धरून करतात (म्हणजे २ च्या, संख्येपेक्षा एकने लहान घाताला त्या संख्येने भागून बाकी १ येते का ते पाहतात) आणि "पास झाली" म्हणून सांगतात. या साच्यातल्या संख्यांसाठी ती चाचणी निरुपयोगी आहे. घातांक मूळ असला की संख्या संयुक्त असूनही ती पास होतेच. २०४७ सुद्धा होते.

१०. ही कितवी मूळ संख्या, आणि तिचे शेजारी कोण?

१०,५०,९७,५६५ वी. तिच्या अलीकडची मूळ संख्या २१४७४८३६२९, पलीकडची २१४७४८३६५९. अंतरं १८ आणि १२. या टप्प्यावर दोन मूळ संख्यांमध्ये सरासरी साधारण २१ चं अंतर असतं, त्यामुळे शेजारी जरा जवळचेच म्हणायचे.

११. जुळ्या मूळ संख्यांपैकी ही एक आहे का?

नाही. दोनने लहान असलेल्या संख्येच्या शेवटी ५ आहे. दोनने मोठी असलेली २१४७४८३६४९ ही ३ × ७१५८२७८८३ आहे. त्यातली ७१५८२७८८३ मात्र मूळ आहे. सगळ्या मर्सेन मूळ संख्यांना जोडीदार नसतो असं समजू नका: ३१ ला २९ आहे, ७ ला ५ आहे.

१२. हिला दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? तीन वर्गांची?

दोन्ही नाही. कुठल्याही वर्गसंख्येला ८ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ उरते. यातल्या दोन किंवा तीन बाक्या कशाही मिळवल्या, तरी ८ च्या हिशेबात ७ कधीच येत नाही. आपल्या संख्येच्या द्विमान रूपाचे शेवटचे तीन अंक १११ आहेत, म्हणजे तिची बाकी नेमकी ७.

चार वर्ग मात्र नेहमीच पुरतात, असं लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. एक मांडणी अशी: ४६३३९^२ + ४२५^२ + १०^२ + १^२. पडताळून पाहा: २१४७३०२९२१ + १८०६२५ + १०० + १. अशा मांडण्या आणखी खूप आहेत.

१३. दुप्पट करून एक मिळवला तर पुन्हा मूळ संख्या मिळते का?

नाही, पण जे मिळतं ते मूळ संख्येपेक्षा मजेदार आहे. दुप्पट अधिक एक म्हणजे २^३२ − १ = ४२९४९६७२९५. तिचे अवयव: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. दोन वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र पुनःपुन्हा लावलं की ते आपोआप पडतात: (२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १). २ च्या अशा घातात (घातांक १, २, ४, ८, १६ असे दुपटीने वाढणारे) एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्यांना फर्मा मूळ संख्या म्हणतात, आणि या पाच म्हणजे आजवर माहीत असलेल्या सगळ्या.

गाउसच्या सिद्धांताप्रमाणे, विषम बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येण्यासाठी बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. म्हणून ४२९४९६७२९५ बाजूंचा बहुभुज हा विषम बाजूंच्या, काढता येतो हे माहीत असलेल्या बहुभुजांत सर्वांत मोठा. कागदावर तो वर्तुळापासून वेगळा ओळखता येणार नाही, हे सांगायला नको. २१४७४८३६४७ बाजूंचा सुसम बहुभुज मात्र काढता येत नाही.

१४. ३१ स्वतःसुद्धा मर्सेन मूळ संख्या आहे. मग हीच संख्या घातांक म्हणून वापरली तर?

३१ = २^५ − १, म्हणून आपली संख्या "दुहेरी मर्सेन" आहे. अशा मूळ संख्या फक्त चार माहीत आहेत: ७, १२७, ही, आणि २^१२७ − १.

साखळी पुढे चालू राहील असं वाटणं साहजिक आहे, पण ती इथे तुटते. २^२१४७४८३६४७ − १ ही संख्या संयुक्त आहे. तिला ६४ कोटी ६४ लाखांहून जास्त अंक आहेत, त्यामुळे ती पूर्ण लिहून भागणं बाजूलाच राहिलं. तरी तिचा एक विभाजक माहीत आहे: २९५२५७५२६६२६०३१. प्रश्न ४ मधला युक्तिवाद इथेही लागू होतो. विभाजकातून एक वजा केला की उरलेल्या संख्येला घातांकाच्या दुपटीने भाग जायला हवा. इथे तो जातो: २९५२५७५२६६२६०३० = २ × ६८७४५ × २१४७४८३६४७.

१५. संगणकात पूर्णांकाची मर्यादा नेमकी हीच का? ३२ बिट असतील तर २^३२ पर्यंत का जाता येत नाही?

बिट म्हणजे द्विमानातला एक अंक, ० किंवा १. ३२ बिटांत २^३२ वेगवेगळे आकडे बसतात, पण त्यातले निम्मे ऋण संख्यांसाठी ठेवलेले असतात. सर्वांत डावीकडचा बिट १ असेल तर संख्या ऋण. धन संख्यांसाठी उरतात ३१ बिट, आणि ते सगळे १ केले की प्रश्न २ मधली संख्या तयार. चिन्ह नसलेला प्रकार वापरला तर ४२९४९६७२९५ पर्यंत जाता येतं.

ती मूळ आहे, याचा या मर्यादेशी काही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग. १६ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा ३२७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटांची २^६३ − १ सुद्धा संयुक्त.

१६. एक मिळवल्यावर उत्तर ऋण का येतं? आणि चिन्ह काढून टाकूनही ऋणच का राहतं?

३१ एककांत एक मिळवला की हातचा पुढे सरकत चिन्हाच्या बिटात जाऊन बसतो, आणि आकडा −२१४७४८३६४८ असा वाचला जातो. जावामध्ये हे असंच घडेल याची हमी आहे. सी भाषेत मात्र चिन्हासह पूर्णांक असा उतू गेला तर काय व्हावं हे ठरवलेलंच नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

दुसऱ्या प्रश्नाचं मूळ शून्यात आहे. शून्य धन बाजूची एक जागा घेतं, म्हणून ऋण बाजूला एक आकडा जास्त राहतो. −२१४७४८३६४८ चं चिन्ह बदललं तर २१४७४८३६४८ हवं, पण ते बसतच नाही आणि गुंडाळून पुन्हा तोच ऋण आकडा येतो. केवल मूल्य नेहमी धन असतं हा नियम इथे एकाच संख्येसाठी मोडतो, आणि चाचण्या लिहिताना नेमकी तीच विसरली जाते.

१७. आमच्या डेटाबेसमध्ये कित्येक जणांचा फोन नंबर २१४७४८३६४७ असाच दिसतो. कुणी खोडसाळपणा केला का?

नाही. रकान्याचा प्रकार ३२ बिटांचा पूर्णांक ठेवला आहे, आणि दहा अंकी नंबर बहुधा या मर्यादेच्या वर जातात. मायएसक्यूएलमध्ये कडक तपासणी बंद असेल, तर न बसणारी संख्या मर्यादेवर आणून साठवली जाते. प्रश्न १६ सारखी ती गुंडाळली जात नाही, कापली जाते. मूळ नंबर त्या रकान्यातून परत मिळणार नाहीत. फोन नंबर मजकूर म्हणून साठवा. त्यांची बेरीज कुणाला करायची नसते, आणि सुरुवातीचं शून्यही टिकतं.

१८. २०३८ साली काय होणार आहे?

अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (जागतिक प्रमाणवेळ) सेकंद मोजतात. ३२ बिटांचा मोजणीदार १९ जानेवारी २०३८ रोजी ०३:१४:०७ वाजता आपल्या संख्येवर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला तो १३ डिसेंबर १९०१ दाखवेल. हिशेब सोपा आहे: २४८५५ पूर्ण दिवस, आणि वर ११६४७ सेकंद. ६४ बिटांवर गेलेल्या प्रणालींना सुमारे २९२ अब्ज वर्षं काळजी नाही. जुनी, कुणी हात न लावलेली यंत्रं आणि जुन्या पद्धतीने साठवलेल्या फायली हा खरा प्रश्न आहे.

१९. यादृच्छिक संख्या तयार करायला ही का वापरतात? त्यात १६८०७ कुठून येतो?

एक आकडा घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, तीच पुन्हा वापरा. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असा क्रम येतो. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ही निवड किमान दर्जा म्हणून सुचवली.

इथे संख्येचा मूळपणा खरोखर उपयोगी पडतो. भाजक मूळ असेल आणि गुणक नीट निवडला असेल, तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येऊन गेल्याशिवाय क्रम पुन्हा सुरू होत नाही. ७ हा असा गुणक आहे, पण फार लहान. १६८०७ म्हणजे ७^५. पाचवा घात चालतो, कारण २१४७४८३६४६ = २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ आणि त्यात ५ नाही. गुणक म्हणून २ घेतला तर ३१ पायऱ्यांत गाडी मूळ जागी येते (प्रश्न ४).

भागाकारही स्वस्त पडतो. २^३१ ची बाकी १ असल्याने, संख्येचे खालचे ३१ बिट आणि वरचे बिट यांची नुसती बेरीज करायची. ९ साठी अंकांची बेरीज करतो, तीच ही युक्ती. ५,००,००,००,००० मध्ये २^३१ दोनदा जातो आणि ७०५०३२७०४ उरतात. बाकी त्यांची बेरीज, ७०५०३२७०६. पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्या मात्र यातून बनवू नका: क्रमातला एक आकडा कळला की पुढचे सगळे काढता येतात.

२०. हिच्या अंकांत काही शुभ-अशुभ आहे का?

नाही.

२१. माझा प्रोग्राम बाकी सगळ्या मूळ संख्या ओळखतो, फक्त हिलाच संयुक्त म्हणतो. असं का?

तुमच्या प्रोग्राममधली अट बहुधा अशी आहे: भाजकाचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा मोठा होईपर्यंत भागत राहा. गणित म्हणून ती बरोबर आहे. पण भाजक आणि वर्ग दोन्ही ३२ बिटांत ठेवले असतील, तर ४६३४१ चा वर्ग मर्यादेबाहेर जातो आणि गुंडाळून −२१४७४७९०१५ होतो. ऋण आकडा अर्थातच लहान, म्हणून फेऱ्या चालू राहतात.

२१४७३९५६०० च्या वरच्या इतर मूळ संख्या वेळ खाऊन का होईना सुटतात. पुढे कधीतरी गुंडाळून आलेला एखादा वर्ग त्यांच्यापेक्षा मोठा निघतो, प्रोग्राम थांबतो आणि चुकूनमाकून बरोबर उत्तर देतो. २१४७४८३६४७ च्या बाबतीत ते शक्यच नाही, कारण त्या प्रकारात तिच्यापेक्षा मोठा आकडाच अस्तित्वात नाही. अट कधीच खोटी ठरत नाही. भाजक वाढत वाढत शेवटी त्या संख्येपर्यंतच पोहोचतो, निःशेष भाग जातो, आणि प्रोग्राम तिला संयुक्त ठरवतो.

वर्ग करून तुलना करू नका. दिलेल्या संख्येला भाजकाने भागा आणि भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांबा. भाजक ४६३४१ झाला की ही अट लागू होते, आणि काहीच उतू जात नाही.